सगळ्यांच्या मागं अप्पा

"अप्पा कुठायत?" आईनं विचारलं.

ती डोंगराच्या पायथ्याशी, भैरोबाच्या देवळापुढच्या पारावर सतरंजी टाकून बसली होती. गुडघे गेल्यापासून ती वर येत नसे. आम्ही चढून जायचो आणि ती खाली चहाचा थर्मास नि चिवड्याचा डबा सांभाळत बसायची.

"येतायत मागनं," मी बुटाची नाडी सोडता सोडता म्हटलं.

उदय, माझा नवरा, चहा ओतून घेत होता. थोरला भाऊ, आमचा दादा, जीपचं दार उघडून पाय बाहेर सोडून बसला होता, दमलो बाबा दमलो करत.

"मागनं म्हणजे कुठनं?" आई म्हणाली. "मला तर वाटेवर कुणी दिसत नाही."

तेव्हा कुठं आम्ही तिघांनी मान वर केली. देवळापासून अर्धा डोंगर सरळ दिसतो. पिवळं गवत, त्यातनं नागमोडी गेलेली पायवाट, वर काळा कातळ. त्या सगळ्यावर चिटपाखरू नव्हतं.

आता हे कुणाला सांगितलं तर हसतील. तीन धडधाकट माणसं डोंगर उतरून आली आणि म्हातारा बाप मागं राहिलाय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही, म्हणजे कमालच झाली! पण आमच्या घरची रीतच तशी होती. चढताना अप्पा पुढं. शिट्टी वाजवत, दिसेल त्या झाडाचं पान चुरगाळून आमच्या नाकाशी धरत, "ओळख बघू कशाचं?" म्हणत. उतरताना मात्र सगळ्यांना पुढं घालायचं आणि आपण शेवटी राहायचं. "माझ्या मागं कुणी नाही, म्हणजे कुणी राहिलं नाही," हा त्यांचा साधा हिशेब. आणि उतरताना मागं वळून बघायचं नाही ही सक्त ताकीद. वळलं की पाय घसरतो. जरा मान हलली की मागनं आवाज यायचाच, "हेमे, समोर!" त्यामुळं मागं बघायची सवयच आम्हाला लागली नाही. मागं अप्पा असणारच. त्यात बघायचं काय?

अप्पा म्हणजे यशवंत खुटाळे. सातारच्या एसटी वर्कशॉपात हेडमेकॅनिक होते. सहा दिवस गाडीच्या पोटाखाली आणि रविवारी डोंगरावर. इतर मुलींचे वडील रविवारी पेपर तोंडावर घेऊन झोपायचे, आमचे उजाडायच्या आत उठून माझ्या वेण्या घालायचे. आईला झोपू द्यायचं ना! कितीही साबण लावला तरी त्या बोटांना ऑइलचा वास यायचा, तो दिवसभर माझ्या केसांना. वेण्या अशा घट्ट की डोळे चिनी माणसासारखे ओढले जायचे. मग दादाला उठवायचं, भाकरी बांधायची, नि निघायचं. सगळ्यांना घेऊन निघायचं, हे महत्त्वाचं. मित्रांबरोबर, क्लबाबरोबर कधी नाही. "एकट्यानं बघितलेला डोंगर घरी आणता येत नाही," म्हणायचे. आम्ही मोठे झालो, लग्नं झाली, तरी दिवाळीनंतरच्या रविवारी हा भैरोबाचा डोंगर चुकला नाही. त्या साली अप्पांनी सत्तरी ओलांडली होती आणि सकाळी चढताना उदयला त्यांनी दोनदा खाली बघत म्हटलं होतं, "जावईबापू, येताय ना?"

"लघवीला थांबले असतील," दादा म्हणाला.

आम्ही थांबलो. चहा निवला. ऊन देवळाच्या कळसावरून वर सरकलं. नोव्हेंबरातला दिवस तो, बघता बघता मावळतो.

"अप्पाऽऽ!" दादानं हाक दिली. डोंगरानं तेवढीच हाक परत पाठवली.

"तुम्ही शेवटचं कधी बघितलंत त्यांना?" उदयनं विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं. माथ्यावर भाकरी खाल्ली तेव्हा. निघताना त्यांनी नेहमीसारखं "चला, व्हा पुढं" म्हटलं तेव्हा. त्यानंतर? त्यानंतर आम्ही तिघं गप्पा मारत, एकमेकांना चिडवत उतरलो होतो. वारं कानात भणभणत होतं. मागं पावलं वाजत होती की नव्हती, देव जाणे.

"मला एक सांगायचंय," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आम्ही तिघं तिच्याजवळ गेलो. "सकाळी निघताना मला म्हणाले, हेमीला स्वेटर घातलास का, वर गार वारं असतं. मी म्हटलं, अहो, छत्तीस वर्षांच्या बाईला मी काय स्वेटर घालू? तर माझ्याकडं बघतच राहिले. मग हसले. मला वाटलं, थट्टा करतायत."

"आई!" दादा ओरडला. "मग आधी नाही का सांगायचंस?"

"काय सांगू? बाप थट्टा करतोय म्हणून सांगू?" आणि ती रडायला लागली.

मलाही एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात अप्पा मंडईत जाऊन रिकामे परत आले होते. मला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. वय झालं, असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. माणूस डोंगर चढतोय म्हणजे ठणठणीत आहे, हा आमचा खुळा विश्वास.

दादा उजवीकडच्या घळीनं धनगरवाड्याकडं गेला, चुकून तिकडं उतरले असतील तर म्हणून. उदय जीप घेऊन पलीकडच्या खिंडीत. मी म्हटलं, मी आल्या वाटेनं वर जाते. "एकटी?" उदयनं विचारलं. मी निघालेच होते. बुटाची नाडी तशीच लोंबत होती.

तो चढ मी आयुष्यात इतक्यांदा चढले असेन, पण त्या दिवशी मला त्यातलं काही ओळखीचं वाटेना. प्रत्येक दगडाआड अप्पा पडलेले दिसत. गवतात काही हललं की मी थांबून बघायची. अर्ध्या वाटेवर उजव्या हाताला कडा आहे. लहानपणी तिथं आलं की अप्पा सगळ्यांना हात धरायला लावायचे. मी त्या कड्याशी गेले, पोटावर झोपले आणि खाली बघितलं. खाली झाडांचे शेंडे, आणखी खाली ओढ्याची पांढरी रेघ. पांढरं काही दिसलं की मला अप्पांचा सदरा वाटे. देवा भैरोबा, तिथं नको, तिथं नको, एवढंच मी म्हणत होते.

आणि वरून हाक आली.

"हेमेऽऽ! ए हेमेऽऽ!"

अप्पांचाच आवाज! जिवात जीव आला. मी उठून उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आले अप्पाऽऽ! इथं आहे मीऽऽ!"

मग पुन्हा तीच हाक, जशी काही माझी ऐकूच गेली नाही. "हेमेऽऽ!" हाकेत काहीतरी चुकत होतं. मी हरवलेल्या माणसाला शोधत होते आणि हरवलेलं माणूसच मला हाका मारत होतं. मी पळत सुटले.

कातळाच्या खाली कारवीची दाट झुडपं आहेत. त्यात अप्पा होते. दोन्ही हातांनी कारवी बाजूला करत, वाकून आत बघत होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी आणि रक्ताळलेला. सदऱ्याची बाही फाटलेली. मला बघून ते सरळ झाले.

"ओ बाई," ते म्हणाले, "जरा थांबा. एक लहान मुलगी दिसली का तुम्हाला येताना? निळा फ्रॉक आहे, दोन वेण्या. तिसरीत आहे."

मी अशी उभी राहिले की मला हलताच येईना. ते डोळे अप्पांचे, भुवईवरचा तो व्रण अप्पांचा, आणि बघत होते माझ्याकडं, असं, रस्त्यातल्या कुणाही बाईकडं बघावं तसं. दुःख नंतर झालं. त्या घडीला मला नुसती भीती वाटली.

"अप्पा, मी हेमा. मीच हेमा."

"ही थट्टेची वेळ आहे का?" ते खेकसले. "अंधार पडायला आला, पोर कुठं बसलीये कळत नाही, आणि तुम्ही..."

"ती खाली गेली," मी घाईनं म्हटलं. "खाली देवळात आहे. आईपाशी बसलीये. मी बघितलं ना."

त्यांनी मान हलवली. "खाली कशी जाईल? सगळ्यांच्या मागं मी होतो. ती माझ्या पुढं असती तर मला दिसली असती. दिसली नाही, म्हणजे मागं राहिली. मागं कुणी राहत नाही, मी असताना." ते पुन्हा कारवीत वाकून बघायला लागले. "तिची आई काय म्हणेल मला?"

हिशेब बरोबर होता. वर्कशॉपात बिघडलेल्या गाडीपुढं उभं राहून ते असाच एकेक पुर्जा बाद करत जायचे.

मी त्यांचा हात धरला. "चला, आपण खाली जाऊन बघून तरी येऊ."

त्यांनी तो असा हिसडला की मी कारवीत पडले. सत्तरीच्या माणसाच्या अंगात ती ताकद! "तुम्ही जा. मी पोरीला घेतल्याशिवाय खाली पाय ठेवणार नाही." आणि ते वळले. वळले ते कड्याच्या बाजूला. "तिला खाली वाकून बघायची खोड आहे," ते स्वतःशीच बोलले. "हजारदा सांगितलंय."

ऊन गेलं होतं. वर आभाळात उजेड होता, पण पायाखालचं गवत काळं पडत चाललं होतं. अप्पा अनवाणी पायानं कड्याकडं निघाले होते, आणि मी ओढून आणायला गेले तर ते झटापट करणार, आणि तिथं झटापट म्हणजे दोघंही गेलो. दादाला हाक मारावी तर तो डोंगराच्या पलीकडं. रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

मग मला काय सुचलं, कसं सुचलं, मला आजही सांगता येत नाही. मी वाटेनं खाली पळाले, झुडपाआड गेले, त्यांना दिसणार नाही अशी खाली बसले, आणि नाकातनं, किरकिऱ्या आवाजात ओरडले, "अप्पाऽऽ, मला शू लागलीऽऽ!"

लहानपणी प्रत्येक डोंगरावर, अगदी अवघड जागी, मला हीच गरज पडायची. दादा कपाळावर हात मारून घ्यायचा.

वर पावलं थांबली.

"हेमे?"

"अप्पाऽऽ, लवकर याऽऽ!"

"आलो! आलो गं बाई! हलू नकोस तिथनं!" आणि त्या आवाजात जे काही होतं ना, ते मी दुसऱ्या कुणाच्या आवाजात कधी ऐकलं नाही. दगड गडगडले. ते कड्यापासून वळून वाटेकडं येत होते. येत कसले, धावत होते. आता मला दुसरीच धास्ती. हे धावले आणि पडले तर?

"अप्पा, हळू या! इथं निसरडं आहे!"

"मला शिकवतेस होय!"

मी उठले आणि वाकून पुढच्या वळणाआड पळाले. ते मी बसले होते तिथं पोचले. "हेमे? अगं, कुठायस?"

"इथं, अप्पा! खाली!"

"हलू नको म्हटलं ना कार्टे!"

"मला आईकडं जायचंय!"

असं ते सुरू झालं. फार पुढं गेले तर आवाज पोचायचा नाही, ते उलटे फिरतील. फार जवळ राहिले तर दिसेन. वळणावळणाला मी गवतात दबून बसायची, त्यांच्या श्वासाचा आवाज आला की हाक द्यायची आणि पुढं पळायची. अप्पा, भूक लागली. अप्पा, दादानं मला खाऊ दिला नाही. अप्पा, माझ्या पायात काटा गेला. हे म्हटलं आणि जीभ चावली, कारण ते "आलो, आलो, बस तिथंच, मी काढतो," म्हणत तिरपे उतरायला लागले. मग घाईनं ओरडले, "निघाला, निघाला काटा!"

कड्याच्या तोंडाशी वाट अरुंद होते. तिथं मला त्यांचा हात धरता येणार नव्हता. मी पलीकडं जाऊन दगडाआड बसले. अंधुक दिसत होतं. पांढरा सदरा वळणावर आला आणि थांबला. एक पाऊल डावीकडं गेलं. डावीकडं काही नव्हतं.

"अप्पा, उजवीकडनं या ना! माझ्याकडं!"

"तू बोलत राहा," ते म्हणाले. दम लागला होता त्यांना. "गप्प बसू नकोस. आवाजावर येतो. पाढे म्हण."

"कितीचा?"

"तेराचा. नेहमी चुकतेस."

मी म्हणायला लागले. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. सदरा एकेक पाऊल पुढं सरकत होता. तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न. एका बँकेत मी कॅशियर आहे, पण तेरा पंचेला मला पुढचं काही सुचेना. डोळे फक्त त्या अनवाणी पायावर.

"तेरा पंचे?" वरून आवाज.

"पासष्ट."

"सक?"

"अठ्ठ्याहत्तर."

"साते?"

"अप्पा, येत नाही!"

"एक्याण्णव! किती वेळा सांगायचं गं! आठे एकशे चार!" आणि एकशे चार म्हणता म्हणता ते कड्याची वाट ओलांडून आले.

मी तिथंच बसून तोंडावर ओढणी दाबून रडून घेतलं आणि पुढं पळाले.

पुढची वाट सोपी होती. देवळातला दिवा दिसायला लागला. जीपचे दिवे दिसले, म्हणजे उदय परत आला होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता पुढं काय? वळणं संपली होती. समोर मोकळं माळरान, लपायला झुडूप नाही. मागनं पावलं येत होती, एक चपलेचं आणि एक अनवाणी. ते माळावर आले की त्यांना निळा फ्रॉक दिसणार नव्हता. दिसणार होती ती मघाची बाई. मग ते उलटे फिरतील. पोरीला शोधायला परत वर जातील, रात्रीच्या अंधारात, आणि या वेळी माझ्या आवाजावरही विश्वास ठेवणार नाहीत.

मी माळावर त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले. उदय बॅटरी घेऊन पुढं येत होता. मी हातानंच त्याला थांबवलं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण तो थांबला, आणि त्यानं बॅटरी विझवली.

पावलं अगदी जवळ आली आणि थांबली. अप्पांचा श्वास ऐकू येत होता. मला आयुष्यात कशाची इतकी भीती वाटली नसेल, जेवढी वळून बघायची वाटली. बाळंतपणातसुद्धा नाही. पण किती वेळ पाठ करून उभी राहणार? मी वळले.

ते माझ्याकडं बघत होते. तोंड उघडलं तर कुठला आवाज निघेल याचा भरवसा नव्हता.

"दमलीस?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"पाय दुखतायत?"

मी पुन्हा मान डोलावली.

मग अप्पा वळले. माझ्याकडं पाठ केली, गुडघ्यांवर हात टेकवत टेकवत सावकाश खाली बसले, उकिडवे, आणि खांद्यांवर दोन थोपट्या मारल्या. "चल. बस खांद्यावर."

उदयनं एक पाऊल पुढं टाकलं. मी मान हलवून त्याला नको म्हटलं. मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी त्यांच्यामागं गेले आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. सदरा घामानं ओला होता. खांदे केवढे बारीक झाले होते! हाडं हाताला लागत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना हात लावून बघितलंच नव्हतं. मी थोडासा भार टाकला, अगदी थोडासा.

"धर घट्ट," म्हणत त्यांनी उठायला जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. मग त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला. माझ्या बांगड्या चाचपल्या, अंगठी चाचपली, बोटं एकेक करून बघितली.

"मोठी झालीस की गं," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

मी त्यांना दोन्ही हातांनी धरून उठवलं.